सोलापूरच्या माळरानावर हॅम रेडिओची सहल: तारीख ठरवण्यापासून लॉग पूर्ण होईपर्यंत

सोलापूर शहरातल्या घरातून चाळीस मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर) कान लावून बसणाऱ्या प्रत्येक हॅमला, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्याला, एक अडचण रोज जाणवते. यंत्रमागांच्या मोटारी, एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, इन्व्हर्टर आणि मोबाइलचे चार्जर यांचा मिळून असा खरखराट तयार होतो की दूरच्या स्टेशनचा आवाज त्याच्या तळाशी गाडला जातो. तोच रेडिओ, तीच तार आणि तीच बॅटरी घेऊन शहराबाहेर पंधरा-वीस किलोमीटरवरच्या उघड्या माळावर गेले, तर सिग्नलची तीव्रता दाखवणाऱ्या एस मीटरचा काटा खाली बसतो आणि घरी कधीच न ऐकू आलेली स्टेशने सहज समजतात. क्लबची सहल काढण्याचे हे पहिले कारण आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आज परवाना मिळवणारी बरीच मुले-मुली फ्लॅटमध्ये राहतात. गच्चीवर तार बांधायला सोसायटी परवानगी देत नाही, आणि त्यामुळे व्हीयू३ने सुरू होणारे कॉल साइन, म्हणजे स्टेशनचे ओळखनाव, हाती येऊनही वर्ष-वर्ष त्यांचा एकही एचएफ (दूरवर जाणाऱ्या लघुलहरींवरचा) संपर्क होत नाही. म्हणून सहलीचा हेतू आधीच ठरवून घ्यावा: सर्वांत नव्या परवानाधारकाने स्वतःच्या हातांनी अँटेना उभारून स्वतःच्या आवाजात संपर्क साधलाच पाहिजे. पुढची सगळी मांडणी याच हेतूला धरून केलेली आहे.

तारीख कशी ठरवावी

सोलापुरात सहलीसाठी नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा काळ सर्वांत चांगला असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशीच्या वर असतो, त्यामुळे उन्हात ठेवलेला रेडिओ आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस दोघेही तापतात. मे महिन्यातले वळिवाचे पाऊस, तसेच सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस विजांसह येतो, आणि उघड्या माळावर उभ्या केलेल्या आठ मीटरच्या खांबाखाली अशा वेळी कोणीही असू नये. अमेरिकेतल्या हॅम मंडळींचा प्रसिद्ध ‘फील्ड डे’ १९३३पासून जून महिन्यात होतो. पण आपल्याकडे जूनमध्ये काळी जमीन चिखल होऊन पायाला चिकटते, म्हणून त्यांची कल्पना घ्यावी, त्यांची तारीख घेऊ नये.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी स्काउट-गाइडची ‘जांबोरी ऑन द एअर’ असते. १९५०च्या दशकात सुरू झालेला हा कार्यक्रम शाळकरी मुलांना हॅम रेडिओची ओळख करून देण्यासाठी उत्तम आहे. मात्र त्याच सुमारास कोजागिरी आली, तर सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते आणि त्या रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. तेव्हा तुळजापूरच्या दिशेची जागा टाळावी. जानेवारीत संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांची यात्रा असते आणि निम्मे सभासद गड्ड्याच्या जत्रेत असतात. यात्रा संपल्यानंतरचा रविवार आमच्या अनुभवात सर्वांत सोयीचा ठरतो. हवा कोरडी असते, आकाश निरभ्र असते, आणि शेतात हुरडा असतो.

जागा

जागा निवडताना आधी विजेच्या तारा पाहाव्यात. सोलापूर हे उच्चदाब वाहिन्यांचे मोठे केंद्र आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी कार्यान्वित झालेल्या रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले, आणि जिल्ह्यात अशा वाहिन्यांचे मनोरे माळामाळांवर उभे आहेत. या वाहिन्यांजवळ दोन गोष्टी घडतात. एक तर दमट हवेत तारांभोवती होणाऱ्या विसर्गाचा कर्कश आवाज एचएफवर ऐकू येतो आणि शहर सोडून आल्याचा फायदाच उरत नाही. दुसरी गोष्ट जिवाची आहे. खांब किंवा तार कोणत्याही बाजूला पडली, तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचू नये एवढे अंतर असलेच पाहिजे. खांबाची उंची आणि अँटेनाची लांबी यांची बेरीज करून तिच्या दुप्पट अंतर सोडावे, हा आमचा नियम आहे. शेतातल्या साध्या ११ केव्हीच्या लाइनलाही तो तेवढाच लागू आहे. या नियमात कोणाच्याही आग्रहाखातर सूट देऊ नये.

यानंतर ओळखीचा शेतकरी शोधावा. ज्याच्या बांधावर कडुलिंबाचे एखादे उंच झाड आहे, विहिरीवर पाणी आहे आणि गाडी शेतापर्यंत जाते, अशी जागा सोलापूरच्या कोणत्याही दिशेला वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत मिळते. ज्वारी उभी असेल, तर पिकातून तार ओढू नये. अँटेना पडीक तुकड्यावर किंवा खळ्यावर उभारावी, आणि मालकाला तिचा नकाशा आधी काढून दाखवावा. बाभळीचे झाड आधारासाठी हाताशी असले, तरी तिच्या काट्यांत दोरी अडकली की सोडवता येत नाही, म्हणून ती टाळलेली बरी.

काही जागा मोहक असल्या, तरी त्यांचा विचार करू नये. नान्नजचे माळढोक अभयारण्य हे विस्तीर्ण, उघडे आणि शांत गवताळ माळरान आहे, पण ते संरक्षित क्षेत्र आहे. तिथे तारा ताणणे पक्ष्यांसाठी घातक आहे. नळदुर्गचा किल्ला हे संरक्षित स्मारक आहे आणि त्याच्या बुरुजाला दोरी बांधण्याचा अधिकार आपल्याला नाही. हिप्परग्याचा तलाव जवळ असल्यामुळे सोयीचा वाटतो, परंतु सुटीच्या दिवशी तिथे गर्दी असते आणि मोकळी तार व लहान मुले यांची गाठ पडू देणे योग्य नाही.

जागेच्या बाबतीत सोलापूरकरांना एक सुंदर संधी आहे आणि ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. हॅम लोक पृथ्वीचा नकाशा ‘ग्रिड’ नावाच्या चौकोनांत वाचतात. सोलापूर शहर एमके७७ या चौकोनात येते. पूर्व रेखांश ७६° ओलांडले की एमके८७ सुरू होतो आणि उत्तर अक्षांश १८° ओलांडले की पुढचा अंक ८ होतो. या दोन रेषा जिथे छेदतात, तो बिंदू तुळजापूरच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर आहे. एमके७७, एमके७८, एमके८७ आणि एमके८८ असे चार चौकोन तिथे एकत्र येतात. ज्यांना ग्रिड गोळा करण्याची हौस आहे, त्यांनी एकाच दिवसात चारही चौकोनांतून संपर्क साधण्याचा बेत जरूर करावा. लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) प्रत्येक वेळी बदललेला ग्रिड लिहायला मात्र विसरू नये.

परवाना, परवानगी आणि पूर्वसूचना

भारतात हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. परीक्षेला बसण्यासाठी किमान वय १२ वर्षे आहे. जनरल श्रेणीसाठी मोर्स येणे आवश्यक असते, रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी नसते. सहलीपूर्वी प्रत्येकाने स्वतःचा परवाना नीट वाचावा: कोणते बँड वापरता येतात, शक्तीची मर्यादा किती आहे, आणि नोंदवलेल्या पत्त्याबाहेरून स्टेशन चालवण्याबद्दल काय अट आहे. त्या अटीनुसार आगाऊ परवानगी लागत असेल, तर ती महिनाभर आधी मागावी. क्लबचे स्वतःचे कॉल साइन वापरायचे असल्यास त्या परवान्यासाठी जबाबदार असलेली व्यक्ती प्रत्यक्ष जागेवर हजर असावी. ज्याच्याकडे परवाना नाही, त्याच्या हाती माइक देऊ नये. त्याने ऐकावे, लॉग लिहावा, अँटेना उभारावी. पुढच्या परीक्षेची तयारी तिथूनच सुरू होते.

जवळच्या पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला एका पानाचे पत्र द्यावे. तारीख, वेळ, गट क्रमांक, येणाऱ्या परवानाधारकांची कॉल साइन आणि एका जबाबदार माणसाचा संपर्क एवढे त्यात पुरेसे आहे. माळावर खांब उभे करून माइकवर अनोळखी भाषेत अक्षरे आणि आकडे बोलणारी माणसे पाहून गावकऱ्यांना शंका येणे स्वाभाविक आहे. एका वर्षी आम्ही हे पत्र दिले नव्हते आणि दुपारचे दोन तास खुलाशात गेले. त्यात चूक आमचीच होती. तेव्हापासून परवान्यांच्या प्रती एका फाइलमध्ये घालून ती टेबलावरच ठेवतो, आणि जो पाहायला येईल त्याला हेडफोन देऊन ऐकवतो.

अँटेना: दिवसाचा खरा कस

महागडा रेडिओ आणि वाईट अँटेना यांपेक्षा साधा रेडिओ आणि चांगली अँटेना हजारपटीने बरी. म्हणून सहलीच्या तयारीतला सर्वांत जास्त वेळ अँटेनाला द्यावा. पहिल्या सहलीसाठी चाळीस मीटर बँडचा, मधोमध उंच आणि दोन्ही टोकांना खाली उतरणारा ‘इन्व्हर्टेड व्ही’ द्विध्रुव (मधोमध केबल जोडलेली दोन भुजांची तार) निवडावा. त्याला एकच खांब लागतो, तो तासाभरात उभा राहतो आणि चुका सहज दुरुस्त करता येतात.

लांबी काढण्याचे सूत्र सोपे आहे. १४३ या आकड्याला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागले की अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती साधारण २०.१ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटरहून थोडी अधिक. पण तार मोजून तेवढीच कापू नये. प्रत्येक बाजू १०.३ मीटर ठेवावी, उभारून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचे माप) मोजावा आणि मग टोके कमी करावीत. तारेवर प्लास्टिकचे आवरण असेल किंवा टोके जमिनीजवळ येत असतील, तर अँटेना अपेक्षेपेक्षा खालच्या फ्रिक्वेन्सीला बसते. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दहा सेंटिमीटर कमी केले की ती सुमारे ७० किलोहर्ट्झने वर सरकते, हे लक्षात ठेवले तर दोन-तीन फेऱ्यांत काम संपते. आणि ‘कमी करणे’ म्हणजे कापणे नव्हे. टोक मागे दुमडून तारेवरच घट्ट गुंडाळावे, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या जागेवर लांबी वाढवता येते.

मध्यबिंदू आठ मीटरवर आणि टोके अडीच मीटरवर ठेवली, तर दोन भुजांमधला कोन ११० अंशांच्या आसपास राहतो आणि जमिनीवर टोकापासून टोकापर्यंत सुमारे १७ मीटर अंतर व्यापले जाते. दोऱ्यांसकट पंचवीस मीटरची मोकळी पट्टी हाताशी असावी. कोन नव्वद अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये. टोकाशी प्रक्षेपणाच्या वेळी व्होल्टेज बरेच असते, म्हणून टोके माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर असावीत आणि दोऱ्यांना रंगीत कापडाच्या चिंध्या बांधाव्यात.

आठ मीटरवरच्या तारेवरून संपर्क किती दूर होईल, असे नवे सभासद नेहमी विचारतात. चाळीस मीटरची लहर एवढ्या कमी उंचीवरून मुख्यतः वर जाते आणि आयनोस्फियरवरून परावर्तित होऊन आसपासच्या काहीशे किलोमीटरच्या प्रदेशात उतरते. दिवसा पुणे, कोल्हापूर, हैदराबाद आणि बेंगळुरू ही स्टेशने याच मार्गाने मिळतात. पहिला संपर्क हमखास व्हावा, यासाठी हे अगदी योग्य आहे. संध्याकाळनंतर त्याच तारेवर दूरचे देश ऐकू येऊ लागतात. दुपारी दूरचे संपर्क हवे असतील, तर वीस मीटर बँडसाठी दुसरी, सुमारे दहा मीटर लांबीची तार त्याच मध्यबिंदूला काटकोनात जोडावी. चाळीस मीटरची तार पंधरा मीटर बँडवरही तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या नात्याने बऱ्यापैकी चालते, ही जमेची बाजू.

खांबासाठी फायबरचा दुर्बिणीसारखा उघडणारा खांब सोयीचा असतो, पण चांगला वाळलेला बांबूही तितकेच काम करतो आणि सोलापुरात तो सहज मिळतो. खरी अडचण खुंट्यांची येते. आपल्या माळावर वीतभर मातीखाली काळा पाषाण लागतो आणि लोखंडी खुंटी वाकते. म्हणून सहा रिकामी पोती नेऊन ती तिथल्याच मातीने भरावीत आणि दोऱ्या त्यांना बांधाव्यात. मोठ्या दगडांना दोरी बांधायची झाल्यास दगड उघड्या हाताने उचलू नये. माळावरच्या दगडाखाली फुरसे आणि विंचू असतात. काठीने दगड आधी हलवावा, हातमोजे घालावेत आणि पायांत बूट असावेत. खांब उभा करताना चार माणसे चार दोऱ्यांवर, एक पायथ्याशी आणि एक फक्त हुकूम देणारा असावा. सहा जण एकाच वेळी सूचना देऊ लागले, की खांब पडतो.

केबल आरजी-५८ या बारीक जातीची असली, तरी वीस मीटर लांबीपर्यंत एचएफवर होणारा ऱ्हास सहन करण्याजोगा आहे. मध्यबिंदूवर १:१ बॅलन (balun; केबलच्या बाहेरून परत येणारा प्रवाह अडवणारी जोडणी) लावावा. तो नसेल, तर केबलचीच आठ-दहा वेटोळी करून चोक तयार करावा. एसडब्ल्यूआर १.५ पर्यंत उत्तम, २ पर्यंत चालेल. त्याच्या वर असेल, तर ट्यूनर लावून चूक झाकण्याआधी सांधे तपासावेत. दहांपैकी आठ वेळा दोष पीएल-२५९ कनेक्टरच्या कच्च्या सोल्डरिंगमध्ये सापडतो.

वीज

शेतातला पंपाचा कनेक्शन पॉइंट हाताशी असला, तरी तो वापरू नये. बॅटरीवर दिवस काढता येणे हाच या सरावाचा गाभा आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम मंडळींची एक तुकडी दुर्मिळ संपर्कांसाठी अंदमानात स्टेशन उभारून बसली होती. २६ डिसेंबरला सुनामी आली आणि हौसेसाठी नेलेले तेच रेडिओ बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीला पोहोचवण्याच्या कामी आले. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा पहाटेचा भूकंप ज्यांनी सोलापुरात अनुभवला आहे, त्यांना संपर्क तुटणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही.

हिशोब असा करावा. शंभर वॉटचा रेडिओ नुसता ऐकताना एक ते दीड अँपिअर आणि पूर्ण जोरात प्रक्षेपण करताना वीस अँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. बोलण्याच्या चढउतारामुळे एसएसबीवर (एचएफवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) सरासरी बरीच कमी, साधारण आठ अँपिअर धरता येते. आठ तासांच्या दिवसात दोन तास बोलणे आणि सहा तास ऐकणे धरले, तर १६ आणि ७ मिळून सुमारे २३ अँपिअर-तास लागतात. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणजे ती ५० अँपिअर-तासांची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल, तर ३० पुरते. शक्ती पन्नास वॉटवर आणली, तर समोरच्याला जेमतेम अर्ध्या एस युनिटचा फरक कळतो आणि बॅटरी मात्र कितीतरी जास्त टिकते. त्यामुळे नवख्यांना कमी शक्तीवर काम करायला शिकवणे मला योग्य वाटते.

बॅटरी आणि रेडिओ यांच्यातली वायर बारीक असणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. पाच मीटर लांबीच्या अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरवर वीस अँपिअरला जवळजवळ १.४ व्होल्ट वाटेतच पडतात आणि रेडिओ बोलता बोलता बंद पडतो. सहा चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी, ती तीन मीटरपेक्षा लांब ठेवू नये आणि बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज लावावा. सौर पॅनेल नेत असल्यास त्याचा चार्ज कंट्रोलर आधी घरी चालवून पाहावा. काही स्वस्त कंट्रोलर एवढा आवाज करतात की शहरातला खरखराट बरा वाटतो.

माइकसमोर

स्टेशन सावलीत असावे, टेबल स्थिर असावे आणि वाऱ्याने पाने उडू नयेत. टेबलावर जाड सोलापुरी चादर अंथरली, तर खडखडाट माइकमध्ये जात नाही. हेडफोन दोन हवेत, म्हणजे शिकणारा आणि शिकवणारा एकाच वेळी ऐकू शकतात.

बसण्याचे वेळापत्रक कागदावर लिहून टांगावे. प्रत्येकाला अर्धा तास, आणि पहिला अर्धा तास सर्वांत नव्या परवानाधारकाला. हा नियम पाळला नाही, तर जुने, सराईत सभासद सकाळी खुर्चीत बसतात आणि दुपारपर्यंत उठत नाहीत. नवी मुले मागे उभी राहून कंटाळतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. शेजारी बसणाऱ्या अनुभवी सभासदाने माइकला हात लावू नये. चूक झाली, तरी ती त्या मुलीने किंवा मुलाने स्वतः सुधारावी.

नवख्याने आधी दहा मिनिटे नुसते ऐकावे. मग मोकळी वाटणारी जागा शोधून ‘ही फ्रिक्वेन्सी वापरात आहे का’ असे दोनदा विचारावे. उत्तर आले नाही, तर सीक्यू (ऐकणाऱ्या कोणीही उत्तर द्यावे अशी हाक) द्यावा: दोन-तीनदा सीक्यू, दोनदा कॉल साइन, ते ध्वन्यक्षरांत (‘अल्फा’, ‘ब्राव्हो’ अशा शब्दांनी अक्षरे सांगून), आणि मग ऐकण्यासाठी थांबावे. बहुतेक नवशिके अर्धा मिनिट अखंड हाक मारतात आणि उत्तरासाठी दोनच सेकंद थांबतात. हाक छोटी आणि थांबणे लांब असावे. अनोळखी हॅमच्या आवाजाची धास्ती वाटत असेल, तर आदल्या दिवशी पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या मित्राला ठराविक वेळी ऐकत राहण्याची विनंती करून ठेवावी. पहिली हाक रिकामी जाणार नाही, याची ही साधी तजवीज आहे.

संपर्कात आधी समोरच्याचा सिग्नल रिपोर्ट द्यावा. वाचनीयता १ ते ५ आणि तीव्रता १ ते ९ अशा दोन अंकांत तो असतो. सगळ्यांना डोळे मिटून ‘पाच नऊ’ देणे ही वाईट सवय आहे, कारण समोरच्यालाही आपली अँटेना तपासायची असते. नाव, ठिकाण, ग्रिड, वापरलेली शक्ती आणि अँटेनाची उंची एवढे सांगितले की चांगला संपर्क होतो. इथले सभासद मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी सहज बोलतात. विजयपूरच्या हॅमशी कन्नडमध्ये आणि हैदराबादच्या हॅमशी तेलुगूत बोलता येणे ही सोलापूरची श्रीमंती आहे, ती जरूर वापरावी. कॉल साइन मात्र नेहमी आंतरराष्ट्रीय ध्वन्यक्षरांत सांगावे. धंदा, राजकारण, संगीताचे प्रसारण या गोष्टींना हौशी बँडवर जागा नाही.

लॉग कागदावर आणि संगणकावर असा दोन्हीकडे ठेवावा. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहावी, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करावेत. सकाळचे दहा वाजले असतील, तर ०४३०. पहाटे साडेपाचच्या आधीच्या संपर्काला यूटीसीप्रमाणे आदल्या दिवसाची तारीख पडते, आणि इथे दर सहलीत कोणी ना कोणी चुकतो. टेबलावर यूटीसी लावलेले एक वेगळे घड्याळ ठेवले की हा घोळ मिटतो.

स्पर्धेच्या दिवशी जायचे असल्यास

पहिली सहल स्पर्धेला जोडू नये. दोन-तीन सहलींनंतर ऑक्टोबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी होणारी सीक्यू वर्ल्ड वाइड ही आवाजी स्पर्धा घ्यावी. ती शनिवारी ०००० यूटीसीला, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होते आणि ४८ तास चालते. आपण त्यातले सहा तास केले तरी पुष्कळ. देवाणघेवाण अगदी आटोपशीर असते: सिग्नल रिपोर्ट आणि झोन क्रमांक. भारत झोन २२ मध्ये येतो, म्हणून ‘पाच नऊ बावीस’ एवढेच बोलायचे. एका स्टेशनशी एका बँडवर एकदाच संपर्क मोजला जातो. एक सावधगिरी मात्र हवी: परदेशी स्टेशने चाळीस मीटरवर ७.२ मेगाहर्ट्झच्या वरही हाक देत असतात, आपली मर्यादा तिथे संपते. उत्साहाच्या भरात डायल पुढे जाऊ नये, म्हणून बँडच्या सीमा मोठ्या अक्षरांत लिहून रेडिओवर चिकटवाव्यात.

दुपारची कोल्हेशिकार

कुटुंबे बरोबर असतील, तर जेवणानंतर ‘फॉक्स हंट’ ठेवावी. दोन मीटर बँडवर कमी शक्तीचा लहानसा प्रक्षेपक परवानाधारकाच्या देखरेखीखाली बांधाआड लपवायचा, तो ठरावीक वेळाने कॉल साइनसह इशारा देतो, आणि गटांनी तो शोधायचा. स्टीलच्या मोजपट्टीच्या पात्या आणि पीव्हीसी पाइप यांपासून तीन घटकांची यागी (एकाच दिशेने जास्त ऐकणारी अँटेना) काहीशे रुपयांत तयार होते. तिने तीव्रतम दिशा घेऊन होकायंत्राने नकाशावर रेघ ओढावी, शंभर-दोनशे मीटर आडवे चालून दुसरी रेघ ओढावी. जिथे रेघा छेदतात तिकडे निघावे. जवळ गेल्यावर हातातल्या हँडी रेडिओचा काटा सगळीकडे भरलेलाच दिसतो. तेव्हा अँटेना काढून टाकावी, रेडिओ छातीशी धरून स्वतःभोवती हळूहळू फिरावे. शरीराची आड आली की आवाज पडतो, आणि प्रक्षेपक त्या क्षणी पाठीमागे असतो. ज्वारीच्या पिकात शिरायचे नाही, हे खेळ सुरू होण्यापूर्वी बजावून सांगावे.

तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या कडेवर जागा घेतली असेल, तर व्हीएचएफची (दोन मीटरसारख्या बँडची) एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे. सपाट जमिनीवर हातात रेडिओ धरलेल्या दोघांमधले सैद्धांतिक अंतर सुमारे दहा किलोमीटर असते, पण एक जण शंभर मीटर वर चढला, की तेच चाळीसच्या पलीकडे जाते. सोलापुरात गच्चीवर थांबलेल्या सभासदाशी त्याच पाच वॉटच्या हँडीवर बोलणे झाले, की उंचीचे महत्त्व पुन्हा शिकवावे लागत नाही. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाणार असेल, तर १४५.८०० मेगाहर्ट्झ लावून ठेवावे. एक फेरी फार तर दहा मिनिटे टिकते, म्हणून वेळ आधी काढून ठेवावी.

जेवणाबद्दल थोडेच सांगतो. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि हुरडा हे न आंबणारे आणि चूल न मागणारे जेवण आहे. हुरड्याची आगटी मात्र केबलपासून आणि वाऱ्याच्या दिशेपासून दूर पेटवावी. माणशी चार लिटर पाणी, प्रथमोपचाराची पेटी, जवळच्या सरकारी दवाखान्याचा रस्ता आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक फलकावर लिहिलेला असावा. गडगडाट ऐकू आला, तर केबल रेडिओपासून काढून बाहेर टाकावी आणि सर्वांनी गाड्यांत बसावे. सुरू असलेला संपर्क पूर्ण करण्यासाठी थांबू नये.

आवरताना आणि घरी आल्यावर

सूर्य मावळण्याच्या तासभर आधी खांब उतरवावा. अंधारात दोऱ्या सोडवताना बोटे जातात आणि खुंट्या हरवतात. तार आणि दोरी इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळावी, प्रत्येक गुंडाळीला लांबी आणि बँड लिहिलेली चिठ्ठी बांधावी. पोत्यांतली माती जिथून घेतली तिथेच ओतावी आणि शेतकऱ्याला बरोबर घेऊन सगळा तुकडा एकदा चालून पाहावा. वायरचा इंचभर तुकडाही गुरांच्या चाऱ्यात जाता कामा नये.

पुढच्या आठ दिवसांत कागदी लॉग आणि संगणकातला लॉग ताडून पाहावा, सहलीची जागा आणि ग्रिड नोंदवावा, आणि क्यूएसएल कार्डे (संपर्काची पोच देणारी कार्डे) पाठवावीत. ज्यांचा तो पहिलाच संपर्क होता, त्यांचे कार्ड त्यांच्याच हाताने लिहून घ्यावे. मग दुरुस्तीची यादी करावी: कोणता कनेक्टर हलत होता, कुठली दोरी घासली, बॅटरी किती वाजता किती व्होल्टवर आली. ही यादी खांबाच्या पिशवीत ठेवावी आणि त्यातली कामे पूर्ण झाल्याशिवाय पिशवी माळ्यावर टाकू नये.